उजवीकडचा पंखा

‘आपोआप झालं’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. दूध आपोआप उतू जात नाही. गॅस कुणीतरी मोठा ठेवलेला असतो आणि तो माणूस शेजारच्या खोलीत मोबाइल बघत बसलेला असतो. पोरीची शाळा आपोआप सुटत नाही, भावकीतलं भांडण आपोआप पेटत नाही. पण कुणी केलं याचा पत्ता लागू न देता बोलण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. आमच्याकडं सगळं आपोआप होतं, नाहीतर देव करतो.

मी सांगलीत एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. आता यात आणखी वैताग असा, की माझ्या विषयात खरोखरच आपोआप घडणारी एक गोष्ट आहे. तिला सममितीभंग म्हणतात. आमच्या अभ्यासक्रमात ती नाही, तरी मी दरवर्षी एक तास तिच्यावर घालवते, कारण ती नीट कळली तर जगातली निम्मी लबाडी ओळखता येते असं माझं मत आहे. मुलांचं मत वेगळं आहे. त्यांना सीईटीला काय येणार तेवढंच हवं असतं.

त्या तासाला मी खराट्याची एक हीर घेऊन जाते. तिची दोन टोकं दोन तळव्यांत धरायची आणि हळूहळू दाबत जायचं. आधी ती सरळच राहते. दाब वाढत जातो आणि एका क्षणी ती अचानक वाकते, डावीकडं नाहीतर उजवीकडं. मी कुठल्याच बाजूला रेटा दिलेला नसतो. हिरीलाही आवडनिवड नसते. निसर्गाचा नियम दोन्ही बाजूंना सारखा होता आणि सारखाच राहिला, पण हीर मात्र एका बाजूची झाली. नियम सारखा, निकाल एकतर्फी, आणि तरी लबाडी कुणाचीच नाही. हा खरा आपोआप झालेला भंग.

मग मी पिशवीतून दुसरी हीर काढते. ही घरूनच किंचित वाकवून आणलेली असते, इतकी किंचित की मागच्या बाकावरून दिसत नाही. ती दाबली की वाकते. पुन्हा दाबली की पुन्हा त्याच बाजूला. मुलं म्हणतात, मॅडम, ही पण आपोआपच वाकली की. मी म्हणते, नाही, हिला कुणीतरी आधीच वाकवून ठेवलंय. एकदा बघून हा फरक कळत नाही, पुन्हा पुन्हा दाबून बघावं लागतं. दर खेपेला एकच बाजू जिंकत असेल तर आधी हीर तपासा. नशिबाच्या गप्पा नंतर मारा.

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा मी नेमकी बारावीच्या वर्गावर हा तास घेऊन घरी आले होते. भाऊ सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालाय. पण आमच्या सातारा-सांगलीकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, तसं त्यालाही गाव मेजर म्हणतं. कोयनेच्या खोऱ्यात आमचं गाव. थोडा ऊस, दोन म्हशी आणि मेजरची पेन्शन, असं त्याचं बरं चाललेलं आहे.

“आक्का, फैसला झाला,” तो म्हणाला. “पोरगं पुण्याला जातंय इंजिनेरिंगला. पोरगी हितंच. तालुक्याच्या कॉलेजात नाव घालू.”

“कुणी ठरवलं हे?”

“मी कशाला ठरवू? देवीचा कौल लावला. आपोआप झालं बघ. माज्या डोस्क्याचा ताप ग्येला.”

त्याच्या डोक्याचा गेला तो ताप तारेतून सरळ माझ्या डोक्यात आला.

भावाला जुळी मुलं आहेत. आधी ती जन्मली, तिच्यामागून तो. तरी गावात सगळे त्यालाच थोरला म्हणतात, आणि माझा भाऊसुद्धा म्हणतो. हे मी जितक्या वेळा दुरुस्त केलं तितक्या वेळा सगळे हसले. दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर वाढली. गोवर एकदमच आला आणि बारावीही एकदमच झाली. मार्कांत उन्नीस-बीस. एखाद्या परीक्षेत ती पुढं, एखाद्यात तो. दोघांनाही इंजिनिअरिंगला जायचं होतं, दोघांनाही ते जमण्यासारखं होतं. पोरीला सांगलीत माझ्याकडं ठेवते, खायची-प्यायची काळजी करू नकोस, असं मी केव्हाच सांगून ठेवलं होतं. अडचण पैशाची नव्हतीच. माझ्या भावजयीच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, ती कमरेला पट्टा बांधून कशीबशी चुलीपुढं उभी राहते. तेव्हा दोघंही गेली तर घरात कोण आणि म्हशींचं कोण बघणार, असा प्रश्न भावानं काढला. दोघांपैकी एकानं राहायला हवं.

हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतः पंचेचाळिशीचा, धडधाकट, सकाळी पळायला जाणारा आणि दिवसभर पारावर पेपर वाचणारा. पण घरातल्या माणसांत त्यानं स्वतःला धरलंच नव्हतं.

पोरगी दर मे महिन्यात माझ्याकडं सांगलीला यायची. त्या मे महिन्यातही आली होती. माझा तास तिनं स्वयंपाकघरातच ऐकला. सरबताची एक जुनी काचेची बाटली आहे माझ्याकडं, तिचं बूड आत टेकडीसारखं वर आलेलं. मी तिला त्या टेकडीच्या डोक्यावर मोहरीचा दाणा ठेवायला लावला. काडीनं तो ठेवताना तिला घाम फुटला. एकदाचा ठेवला आणि क्षणात तो घरंगळून कडेच्या खाचेत गेला. सगळीकडून गोल असलेली बाटली, कुठलीच बाजू उंच नाही की सखल नाही, पण दाणा डोक्यावर राहू शकत नाही, कुठंतरी पडणारच.

मग आम्ही एका लग्नाला गेलो. कार्यालयात गोल टेबलं मांडलेली. प्रत्येक दोन ताटांच्या मध्ये पाण्याचा एक पेला, त्यामुळं माझा डावा की उजवा हे कुणालाच माहीत नाही. सगळे अवघडून बसलेले. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंना तहान आवरेना, त्यांनी डावा उचलला आणि टेबलभर सगळ्यांनी डावाच उचलला. पोरगी माझ्या कानात म्हणाली, “आत्या, पलीकडनं कुणी त्याच येळी उजवा उचलला असता तर?” मी म्हटलं, मग एका जागी मधला पेला तसाच उरला असता आणि दुसऱ्या जागी एकजण कोरडा राहिला असता. ती खूप हसली. मग पेला खाली ठेवून म्हणाली, “जो आधी उचलतो त्येचंच खरं.”

तिला तालुक्याच्या कॉलेजात घालून सकाळ-संध्याकाळ म्हशी पिळायला ठेवणार होते. तेही देवीच्या नावावर. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि एसटीत बसले. कऱ्हाडपर्यंत रागात, कऱ्हाडला गाडी बदलताना रागात, आणि पुढं घाट लागेपर्यंत राग इतका चढला की शेजारची बाई सरकून बसली.

कौल म्हणजे काय ते सांगते. गावदेवीची मूर्ती काळ्या दगडाची आहे. काही अडलं की लोक देवळात येतात. गुरव मोगऱ्याच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवतो, एक उजवीकडं, एक डावीकडं. मग घरचा कर्ता पुरुष मोठ्यानं प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. दगड ओला असतो तोवर कळ्या चिकटून असतात, पाणी सुकेल तशा सुटतात. आमच्याकडं भूकंपाचे बारके धक्के अधूनमधून बसतात, त्यामुळं एक नियम आजोबा-पणजोबांपासून आहे. कौल चालू असताना धक्का बसला, फळीवरची भांडी वाजली, तर तो कौल बाद. कळ्या काढून पुन्हा लावायच्या. बाहेरून हिसका बसला तर तो देवीचा शब्द नव्हे, हे आमच्या अडाणी पूर्वजांना कळत होतं. खरं सांगायचं तर मला त्यांचं कौतुक वाटतं. दोन कळ्या, सारखं पाणी, सारखा दगड. माझ्या हिरीत आणि त्यांच्या कळ्यांत काही फरक नाही.

घरी पोचले तर भाऊ ओसरीवर पेपर वाचत होता. भाचा पलंगावर बसून मोबाइलमध्ये पुण्याची हॉस्टेलं बघत होता. त्याचा दोष नव्हता, बाटलीतल्या मोहरीचाही नसतो. तरी मला त्याचा राग आला, कारण मोहरीला तोंड नसतं आणि याला होतं.

“काय विचारलंस देवीला?” चप्पल काढायच्या आधीच मी भावाला विचारलं. गावात पाऊल टाकलं की माझीही जीभ बदलते, पण त्या दिवशी मी मुद्दाम कॉलेजातली भाषा लावली.

“काय म्हंजे? पोराला धाडू का, असं इचारलं. उजवी पडली.”

“आणि पोरीला धाडू का, हे?”

तो माझ्याकडं असा बघत राहिला की जणू मी म्हशीला धाडू का असं विचारलं होतं. “ते कशाला इचारायचं? एकाला हो म्हटल्यावर दुसऱ्याचं आपोआप आलंच की.”

पुन्हा तेच. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. तशीच उठून मागं गोठ्यात गेले.

पोरगी म्हैस पिळत होती. मला बघून उठली नाही, धार तुटली असती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले. वाटलं, रडेल, मग मी तिला जवळ घेईन. ती रडली नाही. म्हणाली, “आत्या, तुमी देवळातला पंखा बघितला का?”

देवळात पंखा आल्याचं मला माहीतच नव्हतं. विट्याकडं आमचे एक पाहुणे आहेत. तिकडच्या पुष्कळ लोकांसारखं त्यांचंही परमुलखात सोनं गाळायचं दुकान आहे. त्यांचा काही नवस फळला आणि त्यांनी देवीला पंखा दिला, भिंतीवर बसवायचा, मोठा. पात्यांवर लाल रंगात स्वतःचं नाव घातलं. पंखा चालू असला की नाव दिसत नाही म्हणून पुन्हा खाली भिंतीवरही घातलं.

“त्यो देवीच्या उजव्या अंगाला बसवलाय,” पोरगी म्हणाली. “उजव्या खांद्याचं पाणी आधी वाळतंय. पंखा आल्यापासनं समद्यांना उजवीच मिळती. मी रोज जाऊन बसत हुते. तुमीच म्हणाला हुता, पुन्हा पुन्हा दाबून बघा.”

“आणि गाव?”

“गावाला वाटतंय देवी खुशीत हाय.” चरवीतल्या फेसाकडं बघत ती थोडी हसली. “गुरवमामा म्हणत्यात, आदी लय येळ बसाय लागायचं, आता देवी लवकर बोलती.”

मला हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. सगळ्या गावानं आपापल्या मनातलं विचारायचं आणि पंख्यानं हो म्हणायचं. कुणाचं शेत विकायचं ठरलं, कुणाची सोयरीक जमली, सगळ्यांना होकार. कुणाची तक्रार असणारच कशी? जे प्रश्न विचारतात त्यांना उत्तर आवडत होतं. आणि ज्यांना विचारायचा मान नाही, ते गोठ्यात होते.

“उद्या पंखा बंद करून पुन्हा कौल लावायला लावते,” मी म्हटलं. “मग होऊ दे काय खरंखुरं आपोआप व्हायचं ते.”

ती म्हशीच्या आचळाला बोटं लावून पुन्हा धार काढू लागली.

रात्री जेवताना मी भावाला धरलं. पंख्याचं सगळं सांगितलं, ताटात दोन ओल्या शेंगा ठेवून एकीवर फुंकर मारून दाखवली. भावजय भाकरी वाढता वाढता थांबून बघत होती. भावानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वारा तरी कुणाचा हाय आक्का? देवीचाच की.”

“मग धक्का कुणाचा असतो? धक्का बसला तर कौल बाद करता ना?”

“धक्क्याची गोष्ट येगळी.”

“कशी वेगळी?”

“पयल्यापासनं येगळी हाय.”

माझा आवाज चढला. मी म्हटलं, तुझ्या पलटणीत असं चाललं असतं का, एकाच्या बंदुकीला नेम लावून द्यायचा आणि दुसऱ्याची नळी वाकवायची, आणि मग म्हणायचं बघा, आपोआप हा जिंकला? तो तापला. शिकलेल्या बाया घर मोडतात असं काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, घर मोडत नाही, तुझा खोटा तराजू मोडते. घर सांभाळायला माणूस हवा तर तू आहेस, तुझा काय मणका गेलाय? भावजयीनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली. भाचा हात धुवायला गेला तो परत आलाच नाही.

शेवटी भाऊ म्हणाला, “ठीक हाय. तुज्या समाधानासाठी उद्या सकाळी पुन्हा ट्रायल घेऊ. मग तोंड बंद.”

सकाळी आम्ही देवळात गेलो, भाऊ, मी आणि पोरगी. भाचा झोपलाय असं कळलं. गुरवमामा फुलं मांडून बसले होते. मेजर आलेले बघून उठले, आम्हाला सतरंजी घातली आणि सवयीनं पंख्याचं बटण दाबलं. पाती फिरू लागली, पाहुण्यांचं नाव पुसलं गेलं. देवीच्या उजव्या खांद्यावरचं वस्त्र हलत होतं, डाव्या खांद्यावरचं लोंबत होतं. एवढं उघड दिसत होतं की बघून अंगाचा तिळपापड झाला. गाभाऱ्यातल्या त्या पंख्याचा मला इतका राग आला होता, जणू तोच माझा भाऊ होता.

मी बटणाकडं निघाले. पोरीनं माझं मनगट धरलं.

“राहू द्या आत्या,” ती म्हणाली. “लय उकडतंय.”

मला वाटलं, घाबरली. तोवर ती पुढं झाली. गुरवमामांच्या हातात ओल्या कळ्या होत्या. ती म्हणाली, “मामा, लावा कळ्या. आज मी इचारते.”

गुरवमामांनी मेजरकडं बघितलं. मेजर नुसता बघत राहिला, त्याच्या कवायतीत ही आज्ञा नव्हती. कळ्यांतून पाणी गळत होतं. म्हाताऱ्यानं क्षणभर वाट बघितली आणि हात आपल्या सवयीनं पुढं नेले. एक कळी उजवीकडं, एक डावीकडं. मग सवयीनंच विचारलं, “भांडी वाजली न्हाईत न्हवं?”

“न्हाईत,” पोरगी म्हणाली. तिनं हात जोडले आणि आख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, “आई, मला शिकाय धाडायचं आसंल तर उजवी दे.”

मी तोंड उघडं टाकून बघत होते. इतकी वर्षं मी मुलांना वाकवलेली हीर ओळखायला शिकवत आले. ती हातात घेऊन आपल्या बाजूला धरावी, हे मला कधी सुचलंच नाही. पंखा फिरत होता. उजवी कळी आधी थरथरली, मग थोडी सरकली, आणि पडली.

“उजवी दिली!” गुरवमामा आनंदानं ओरडले. मग जीभ चावली.

“ह्यो कौल धरायचा न्हाई,” भाऊ म्हणाला.

“का न्हाई?” आता माझी कॉलेजातली भाषा कुठल्या कुठं गेली होती.

“बाईमाणसानं इचारल्याला कौल धरत न्हाईत.”

“आरं, मग आत बसलीया ती कोण हाय? बाप्या हाय व्हय?”

गुरवमामा आपल्या पायांकडं बघू लागले. भावाचा चेहरा लाल झाला होता. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. वर्षानुवर्षांचं साठलं होतं, आणि ते सगळं त्या गाभाऱ्यात ओतायची माझी तयारी होती. पण पोरगीच मध्ये बोलली, अगदी शांत आवाजात, आणि तिच्या शांतपणानंच मला जास्त भीती वाटली.

“बरं बाबा. माजा न्हाई धरत तर तुमी इचारा. ह्याच पंख्याखाली. वारा देवीचाच हाय म्हणालासा न्हवं रात्री? फक्त असं इचारा, माज्या पोरीला शिकाय धाडू का.”

गुरवमामांनी न सांगता पुन्हा दोन कळ्या भिजवल्या. चिकटवल्या. भाऊ मूर्तीपुढं उभा राहिला, त्यानं हात जोडले. माझा भाऊ भित्रा नाही. बर्फात उभं राहून त्यानं पहारे केलेत, कुणाच्या बापाला भ्यायलेला नाही. त्यानं तोंड उघडलं. शब्द येईना. पुन्हा उघडलं. उजवी कळी पडणार हे त्याला पक्कं माहीत होतं. रात्री मी ताटात फुंकर मारली तेव्हाच त्याला ते पटलं होतं, कदाचित माझ्या फार आधीपासून माहीत असेल. ज्याचा देवीवर भरवसा असतो तो विचारून मोकळा होतो. हा विचारू शकत नव्हता. देवी, पंखा, कौल, सगळं बाजूला सरकलं आणि मागं तो एकटा उरला. मुलाला धाडायचं हे त्यानंच ठरवलेलं होतं, ती दोघं पाळण्यात होती तेव्हाच.

त्याच्यासमोर उजवी कळी पडली. प्रश्नाशिवायच.

“म्हशींची येळ झाली,” तो म्हणाला आणि चपला पायांत अडकवून गेला.

गुरवमामांनी पडलेली कळी उचलली. प्रसाद म्हणून ती विचारणाऱ्याच्या हातावर ठेवायची असते. त्यांनी ती पोरीपुढं धरली. तिनं नमस्कार केला, पण कळी घेतली नाही. “देवीपाशीच ठेवा मामा,” म्हणाली.

आम्ही घरी आलो तर भाऊ गोठ्यात होता. म्हशीखाली चरवी घेऊन बसला होता, आमच्याकडं पाठ करून. म्हैस नव्या हाताला पान्हा सोडत नव्हती आणि तो तिला हिंदीतून शिव्या देत होता. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

भावजयीनं आतून हाक मारली. पलंगाखालून तिनं एक पिशवी पायानं पुढं सरकवली. भरलेली, वर चेन लावलेली. पोरीचे कपडे, दाखले, लसणाच्या चटणीची बाटली, सगळं आत होतं. जिला खाली पडलेला चमचा उचलता येत नाही, त्या बाईनं ही पिशवी कधी आणि कशी भरली असेल ते मी विचारलं नाही. आम्ही देवळात जायच्या आधीच भरली असणार, एवढं मात्र दिसत होतं. “कऱ्हाडची गाडी चुकंल,” ती म्हणाली. “निगा आता.” पोरगी आईच्या गळ्यात पडायला गेली तर तिनं हातानं थांबवलं, पट्ट्याखाली मणका दुखत होता.

भाचा वेशीपर्यंत पिशवी घेऊन आला. गाडी दिसल्यावर बहिणीला म्हणाला, “मी बी सुट्टीला आलो की म्हशी पिळीन.” ती म्हणाली, “आदी शिक पिळाय.”

घाट उतरून गाडी सपाटीला लागली. माझा राग अजून पेटलेलाच होता, आणि खरं सांगते, त्यात थोडा तिच्यावरचाही होता. मला कौल सरळ हवा होता. पंखा बंद, दोन्ही खांदे सारखे ओले, आणि मग पडेल ती कळी. माझा आख्खा विषय त्यावर उभा आहे. शेवटी न राहवून मी म्हटलं, “पंखा बंद का करू दिला नाहीस? तुझं नाणं खरं होतं. सरळ कौल लावला असता तर कुणाला बोट दाखवायला जागा राहिली नसती.”

तिनं पिशवी मांडीवर ओढली. “पंखा बंद केल्यावर कुठली पडली असती, आत्या?”

“कोण सांगणार? निम्मी उजवीची शक्यता, निम्मी डावीची.”

“डावी पडली असती तर?”

मी तिकिटाची घडी घालत बसले.

“माज्या भावाला कुणी निम्म्यावर हुबं केलं न्हाई,” ती म्हणाली. “एकदाबी न्हाई. त्येला पंखा लावून धाडला. मग मीच का निम्म्यावर हुबी राहू?”

त्या वर्षी पुढं अकरावीचे वर्ग सुरू झाल्यावर तिथं तो तास मी घेतला तेव्हा वाकवलेली हीर काढून नेहमीचा प्रश्न विचारला, की ही कुणी वाकवली. मग पुढचा प्रश्नही विचारला, की आता ही तुमच्या हातात दिली तर तुम्ही काय कराल. माझ्या ओळखीची एक पोरगी त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात बसली होती, आणि तिचे वडील तिला अजून फोन करत नव्हते.